हायड्रोजन गेला, सोडियम आला: आम्ल आणि त्याच्या क्षाराचं नातं

प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका प्रयोगासाठी फॉस्फेटचं बफर करायचं होतं, म्हणजे सामू (आपण सर्रास पीएच म्हणतो तोच) ७ च्या आसपास धरून ठेवणारं द्रावण. कृती सरळ होती: दोन सोडियम फॉस्फेटांची सारख्या संहतीची द्रावणं करा आणि सम प्रमाणात मिसळा. मी दोन पांढऱ्या भुकट्या तोलल्या, विरघळवल्या, मिसळल्या आणि मीटरचा इलेक्ट्रोड आत सोडला. आकडा ७ च्या जवळ थांबायला हवा होता. तो ९ ओलांडून पुढे गेला. इलेक्ट्रोड धुतला, मीटर पुन्हा लावून घेतला, तरी तेच. मग फडताळाकडे गेलो. तिथे ‘सोडियम फॉस्फेट’ नावाच्या दोन नव्हे, तीन बाटल्या होत्या. मोठ्या अक्षरांतलं नाव एकच. खाली बारीक अक्षरांत एकीवर ‘मोनोबेसिक’, दुसरीवर ‘डायबेसिक’, तिसरीवर ‘ट्रायबेसिक’. मला पहिल्या दोन हव्या होत्या. मी पहिली आणि तिसरी उचलली होती.

चूक कळली, पण डोक्यातला किडा काही जाईना. आम्ल एकच, धातू एकच, मग क्षार तीन कसे? त्यातला एक चक्क आम्लधर्मी, दुसरा आम्लारिधर्मी आणि तिसरा हाताला लागला तर कातडी भाजेल इतका जहाल, हे कसं? आणि चुकीचं मिश्रण नेमकं ९ च्या वरच का गेलं, १२ वर का नाही? या प्रश्नांची उत्तरं एका साध्या गोष्टीत आहेत: आम्ल आणि त्याचा सोडियम क्षार यांचं नातं. ते एकदा नीट बसलं की असेंद्रिय रसायनशास्त्रातला बराचसा भाग पाठ करावा लागत नाही.

आधी एका शब्दाबद्दल. इथे ‘क्षार’ म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला क्षार, आम्ल आणि आम्लारी यांच्यातून तयार होणारा. हिंदीत क्षार म्हणजे आम्लारी, आणि आपल्या क्षाराला ते लवण म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांत वाचणाऱ्याचा घोळ ठरलेला. मराठीतही जुन्या वापरात ‘खार’ हा शब्द हाताला बुळबुळीत लागणाऱ्या आम्लारिधर्मी पदार्थांना चिकटलेला आहे: टाकणखार, सज्जीखार. गंमत म्हणजे हे दोन्ही पदार्थ सोडियमचे क्षारच आहेत आणि आम्लारिधर्मीही आहेत. जुने लोक चुकत नव्हते.

आम्लातला हायड्रोजन

कुठलंही असेंद्रिय आम्ल घ्या: हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, फॉस्फोरिक. त्याचे मनातल्या मनात दोन भाग पाडा. एक भाग हायड्रोजन. दुसरा भाग ‘उरलेलं सगळं’: क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट. हे उरलेलं हीच आम्लाची खरी ओळख, त्याचं आडनाव म्हणा. हायड्रोजन हा त्याला धरून बसलेला जोडीदार. तो निघून गेला आणि त्याच्या जागी सोडियम आला की झाला सोडियम क्षार. हायड्रोक्लोरिक आम्लाचा सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ. नायट्रिकचा सोडियम नायट्रेट. सल्फ्युरिकचा सोडियम सल्फेट. आडनाव तेच, जोडीदार बदलला.

पण जोडीदार बदलल्याने संसार पार बदलतो. हायड्रोजन क्लोराइड हा वायू आहे. त्याचा द्रव करायचा तर शून्याखाली ८५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं. सोडियम क्लोराइड घन आहे आणि तो वितळायला ८०१ अंश लागतात. उरलेला भाग दोन्हींत क्लोरीनच असताना जवळजवळ नऊशे अंशांची तफावत कुठून आली? हायड्रोजन आणि क्लोरीन यांनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतलेली असते, एकेक रेणू सुटा आणि आपल्यात मग्न असतो, शेजारच्या रेणूशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. सोडियमने मात्र आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो. मिठाच्या खड्यात सुटा ‘रेणू’ नसतोच. धन आणि ऋण आयन एकाआड एक रचलेले असतात आणि प्रत्येक आयनाला सहा विरुद्ध प्रभाराचे शेजारी घट्ट ओढून धरतात.

यातून एक बारीक मुद्दा निघतो, आणि तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. क्षार घन अवस्थेतच आयनांचा बनलेला असतो. पाण्यात गेल्यावर ते आयन फक्त मोकळे होतात. आम्लाचे आयन मात्र पाण्यात गेल्यावरच *तयार होतात*. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसवर सोडला तर कागद निळाच राहतो. कागद ओलसर असला की लगेच लाल. पाण्याचा रेणू हायड्रोजनला क्लोरीनपासून तोडतो, इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे राहतो आणि हायड्रोजनचं उरलेलं केंद्रक, एक उघडा प्रोटॉन, पाणी स्वतःच्या अंगावर घेतं. आंबटपणा, धातूंना खाणं, लिटमस लाल करणं, हे सगळं त्या पाण्यावर बसलेल्या प्रोटॉनचं काम.

पाण्यात आयन आपोआप मोकळे असतात, वीज सोडावी लागत नाही, ही कल्पना स्वान्ते अऱ्हेनिअस या स्वीडिश तरुणाने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडली. परीक्षकांना ती फारशी पटली नाही आणि त्याला खालची श्रेणी मिळाली. पुढे १९०३ मध्ये याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचं म्हणणं चालत होतं की आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो. ऑक्सिजन या नावाचा अर्थच ‘आम्ल घडवणारा’ असा आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच हे दाखवलं. आम्लपणा हायड्रोजनमुळे येतो हे कळलं, तरी ऑक्सिजनचं नाव चुकीचं ते चुकीचंच राहिलं.

शंकुपात्रात काय घडतं

आम्लापासून त्याचा सोडियम क्षार करण्याची नेहमीची वाट म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने उदासिनीकरण. शंकुपात्रात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब, खाली पांढरी टाइल आणि वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि पात्र हलवताच विरून जातो. पुढे पुढे तो विरायला वेळ घेऊ लागतो. तेव्हा हात आवरायचा. तोटीच्या टोकाला अर्धा थेंब लोंबू द्यायचा, तो पात्राच्या आतल्या भिंतीला टेकवायचा आणि धुवणबाटलीच्या पाण्याने खाली ढकलायचा. एका क्षणी अख्खं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. झालं.

तसंच राहतं म्हणजे काही मिनिटं. पात्र उघडं ठेवून चहा पिऊन आलात तर रंग गेलेला असतो आणि नवखे घाबरतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतो आणि ते उरलासुरला हायड्रॉक्साइड खाऊन टाकतं. आपण एका असेंद्रिय आम्लाचा क्षार करत असतो आणि दुसरं आम्ल हवेतून शिरून आपला क्षार करून घेतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांवर पांढरट पापुद्रा धरतो, तो याच कारणाने झालेला सोडियम कार्बोनेट.

हिशोब चोख असतो. ३६.५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आणि ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड यांतून ५८.५ ग्रॅम मीठ आणि १८ ग्रॅम पाणी. यात उष्णता निघते, सुमारे ५७ किलोज्यूल. आता हायड्रोक्लोरिकच्या जागी नायट्रिक आम्ल घ्या. क्षार वेगळा झाला, तरी उष्णता तेवढीच, सुमारे ५७. सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, तरी तेवढीच. वेगवेगळे क्षार तयार होताना एकाच मापाची उष्णता निघावी, याचा अर्थ उघड आहे: क्षार ‘तयार होण्यात’ काही घडतच नाही. घडतं ते एवढंच की हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी होतं. सोडियम आणि क्लोराइड लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखे. हजर असतात, पण त्यांच्यात काही लागत नाही. मीठ खऱ्या अर्थाने बनतं ते पाणी आटवल्यावर. गुलाबी द्रावणातले चार थेंब वॉच ग्लासवर आटवून भिंगाखाली पाहा, बारीक चौकोनी स्फटिक दिसतील.

हे वऱ्हाडीपण सोडियमला फार शोभतं. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा क्षार पाण्यात टाकला तर तो धातूच पाण्याच्या रेणूंना ओढतो आणि द्रावण आम्लधर्मी करतो. सोडियम असलं काही करत नाही. शिवाय त्याचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात सहज विरघळतात. म्हणून कुठल्याही आम्लाचा ऋण आयन मुळात कसा वागतो हे पाहायचं असेल तर त्याचा सोडियम क्षार पाहावा. सोडियम मधे तोंड घालत नाही.

जोरदार आम्लाचा गरीब क्षार

आता गाभ्याकडे. मिठाच्या पाण्याचा सामू ७. धुण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडियम कार्बोनेटच्या पाण्याचा सामू ११ च्या वर. दोन्ही आम्लांचे सोडियम क्षार. दोन्हींत हायड्रॉक्साइड नावालाही घातलेला नाही. मग सोड्याचं पाणी बुळबुळीत का?

आम्लांत तीव्र आणि सौम्य असा भेद असतो, आणि तो विरल आणि संहत यांच्याहून वेगळा. संहत म्हणजे पाण्यात किती आम्ल घातलंय; तीव्र म्हणजे घातलेल्यापैकी कितीजणांनी हायड्रोजन सोडला. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल द्रावणात जवळजवळ शंभर टक्के हायड्रोजन सोडतं. हायड्रोफ्लुओरिक आम्ल तेवढ्याच विरलतेला, लिटरला ०.१ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक) असताना, शंभरातले सुमारे आठच सोडतं. ब्याण्णव जणांनी हायड्रोजन घट्ट धरलेला असतो. (सौम्य म्हणून ते निरुपद्रवी समजू नये. अख्खे रेणू कातडीतून आत शिरतात आणि शरीरातल्या कॅल्शियमला पकडतात. प्रयोगशाळेत या आम्लाला सगळे वचकून असतात.)

हीच गोष्ट उरलेल्या भागाच्या बाजूने पाहा. हायड्रोक्लोरिक तीव्र आहे, म्हणजे क्लोराइडला हायड्रोजनची ओढ नाही. मग मीठ पाण्यात टाकलं तर क्लोराइड पाण्याकडून हायड्रोजन मागणार नाही. पाणी जसं होतं तसं, सामू ७. कार्बोनिक आम्ल सौम्य आहे, म्हणजे कार्बोनेटला हायड्रोजनची भूक आहे. सोडियम कार्बोनेट विरघळलं की ही भूक मोकळी सुटते. आजूबाजूला भरपूर पाणी असतं. कार्बोनेट पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन हिसकावून घेतो, आणि पाण्याच्या हातात उरतो हायड्रॉक्साइड. तोच हायड्रॉक्साइड, जो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये असतो. लिटरला ०.१ मोलच्या द्रावणात शंभरातले चारपाच कार्बोनेटच हे करतात, पण सामू साडेअकराच्या पुढे न्यायला तेवढे पुरतात. बाहेरून काही घातलं नाही. पाणीच फोडून आम्लारी काढली.

म्हणजे नातं उलट्या तागडीचं आहे. आम्ल जितकं जोरदार, त्याचा सोडियम क्षार तितका गरीब. आम्ल जितकं दुबळं, त्याचा क्षार तितका तिखट. टाकणखार हा बोरिक आम्लाचा क्षार. बोरिक आम्ल फारच सौम्य, म्हणून टाकणखाराच्या पाण्याचा सामू ९ च्या वर. सज्जीखार म्हणजे अशुद्ध सोडियम कार्बोनेट. हे पदार्थ क्षार असून खार कसे, त्याचं उत्तर हे. ब्रन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी १९२३ मध्ये वेगवेगळं काम करून हेच मांडलं: आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा, आम्लारी म्हणजे घेणारा, आणि देणारा देऊन मोकळा झाला की तोच घेणारा होतो. आम्ल आणि त्याचा ऋण आयन ही एकाच नाण्याची चित आणि पट.

तीन हायड्रोजन, तीन पायऱ्या

फॉस्फोरिक आम्लाजवळ सोडण्याजोगे तीन हायड्रोजन असतात, आणि ते तिन्ही एकाच सहजतेने सुटत नाहीत. पहिला झटकन जातो. तो गेल्यावर उरलेल्यावर एक ऋण प्रभार येतो, आणि धन प्रभाराचा दुसरा प्रोटॉन त्याच्यापासून ओढून काढणं जड जातं. तिसरा त्याहून जड. रसायनशास्त्रज्ञ यासाठी तीन आकडे देतात: सुमारे २.१, ७.२ आणि १२.३. या आकड्यांना पीकेए म्हणतात आणि त्यांचा अर्थ दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. ज्या सामूला निम्म्या जणांनी तो हायड्रोजन सोडलेला असतो आणि निम्म्यांनी धरलेला, तो हा आकडा. सामू ७.२ ला निम्म्या फॉस्फेटांवर दोन हायड्रोजन असतात, निम्म्यांवर एक.

एका पायरीला एक सोडियम, असे तीन क्षार. एकच हायड्रोजन गेला आणि एक सोडियम आला: मोनोबेसिक. त्याच्याकडे अजून देण्याजोगा हायड्रोजन आहे, म्हणून पाण्यात सामू साधारण साडेचार. क्षार असूनही आम्लधर्मी. दोन गेले: डायबेसिक, सामू ९ च्या आसपास. तिन्ही गेले: ट्रायबेसिक, सामू १२ च्या आसपास. तिसरा हायड्रोजन फॉस्फेटला इतका हवा असतो की संधी मिळताच तो पाणी फोडतो. रंगकामाआधी भिंतीवरचा तेलकटपणा काढायला हाच तिसरा क्षार वापरतात, आणि हातमोजे घालून वापरतात.

‘क्षार म्हणजे उदासीन’ हा शाळेतला समज इथे मोडतो, आणि मोडलेलाच बरा. सल्फ्युरिक आम्लाचा अर्धा क्षार, सोडियम बायसल्फेट, दिसायला मिठासारखा पण पाण्यात चांगलाच आंबट. पोहण्याच्या तलावातला सामू खाली आणायला तो टाकतात, कारण आम्लाचे कॅन हाताळण्यापेक्षा भुकटी सोयीची. कार्बोनिक आम्लाचा अर्धा क्षार म्हणजे खाण्याचा सोडा, सामू ८.३ च्या आसपास. पूर्ण क्षार म्हणजे धुण्याचा सोडा. एक पोटात घेता येतो, दुसरा नाही. मधे अंतर एका हायड्रोजनचं.

क्षाराकडून पुन्हा आम्लाकडे

वाट उलटीही आहे. सोडियम क्षारावर त्याच्याहून जोरदार आम्ल घातलं की हायड्रोजन परत मिळतो आणि दुबळं आम्ल मोकळं होतं. सोड्यावर आम्ल पडताच फसफसतं ते म्हणूनच: कार्बोनेटला हवा असलेला हायड्रोजन आयता मिळतो, कार्बोनिक आम्ल होतं, ते लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड असं विस्कटतं. कार्बोनिक आम्ल बाटलीत भरून विकत कुणी देत नाही. नायट्रस आम्लाचंही तसंच. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात ते लागतं, पण ते टिकत नाही; म्हणून सोडियम नायट्राइट ठेवतात आणि ऐन वेळी ० ते ५ अंशांवर, बर्फात ठेवलेल्या भांड्यात, त्यावर हायड्रोक्लोरिक घालून जागच्या जागी आम्ल करतात. सोडियम क्षार ही अशा अल्पायुषी आम्लांची तिजोरीच. सोडियम सिलिकेटवर आम्ल घातलं तर पाण्यासारखं द्रावण बघता बघता जेलीसारखं घट्ट होतं. सिलिसिक आम्ल सुटतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडत जातात. ते धुऊन वाळवलं की सिलिका जेल, नव्या बुटांच्या खोक्यात सापडणाऱ्या पुडीतलं.

एक ठिकाण मात्र जिवावर बेतणारं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतो, हायपोक्लोरस या सौम्य आम्लाचा क्षार. सोबत थोडं मीठही असतंच. त्यावर फरशीचं किंवा संडासाचं आम्लयुक्त क्लीनर पडलं की हायपोक्लोरस आम्ल सुटतं, ते क्लोराइडशी भिडतं आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात दोन्ही एकत्र ओतणं म्हणजे विषारी वायूचा कारखाना घालणं. दुसरीकडे, थोडासाच सामू उतरवला तर याच नात्याचा फायदा होतो: जंतू मारण्यात हायपोक्लोरस आम्ल हायपोक्लोराइटपेक्षा कितीतरी सरस. त्याचा पीकेए ७.५, म्हणून तलावाच्या पाण्याचा सामू साधारण ७.२ ते ७.८ राखतात. म्हणजे निम्म्याच्या आसपास क्लोरीन कामाच्या रूपात राहतो.

‘जोरदार आम्ल दुबळ्याला हाकलतं’ हा नियम मात्र सगळीकडे लावू नये. सतराव्या शतकात योहान ग्लाउबरने मिठावर सल्फ्युरिक आम्ल घालून तापवलं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू मिळवला. मागे उरलेल्या सोडियम सल्फेटच्या स्फटिकांना त्याने ‘अद्भुत मीठ’ म्हटलं. आजही त्यांना ग्लाउबरचं मीठ म्हणतात, आणि त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आता, सल्फ्युरिक काही हायड्रोक्लोरिकपेक्षा जोरदार नाही. मग ते जिंकलं कसं? ताकदीने नाही, चिकाटीने. सल्फ्युरिक आम्ल तापवलं तरी सहज उडून जात नाही. हायड्रोजन क्लोराइड तयार होताच वायू होऊन निसटतो. परत यायला तो तिथे नसतोच, म्हणून अभिक्रिया एकाच दिशेने सरकत राहते.

या एका अभिक्रियेवर पुढे अख्खा उद्योग उभा राहिला. साबण आणि काच यांना सोडियम कार्बोनेट लागे. निकोला लेब्लांकने १७९१ मध्ये मिठापासून ते करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं: आधी मीठ आणि सल्फ्युरिक आम्ल यांतून सोडियम सल्फेट, मग ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजून सोडियम कार्बोनेट. मिठातला सोडियम कामी आला; त्याला सोडून गेलेला क्लोराइड, हायड्रोजनची जोड घेऊन, धुराड्यातून हवेत गेला. इंग्लंडमधल्या कारखान्यांभोवतीची झाडंझुडपं त्या आम्लाने जळाली. अखेर १८६३ साली ब्रिटनने अल्कली ॲक्ट केला आणि या वायूपैकी किमान ९५ टक्के पकडून ठेवणं कारखान्यांना बंधनकारक झालं. हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. पुढे याच पकडलेल्या आम्लातून क्लोरीन काढून ब्लीचिंग पावडर करू लागले. काल फेकून द्यायची वस्तू आज विकायला.

दोघं एकाच भांड्यात

सौम्य आम्ल आणि त्याचाच सोडियम क्षार एकत्र ठेवले तर? वरून आम्ल पडलं तर क्षाराचा भुकेला आयन ते हायड्रोजन गिळतो. आम्लारी पडली तर आम्ल हायड्रोजन देऊन तिला शमवतं. सामू फारसा हलत नाही. हेच बफर. हायड्रोक्लोरिक आणि मीठ यांचं बफर होत नाही, कारण क्लोराइडला भूकच नाही.

आपलं रक्त या जोडीवर चालतं. त्यात लिटरमागे साधारण २४ मिलिमोल बायकार्बोनेट असतं, मुख्यतः सोडियमच्या सोबतीने, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल. वीसास एक. या जोडीचा पीकेए शरीरात ६.१ असतो आणि वीसास एक या प्रमाणाला सामू येतो ७.४. कागदावर हे बफर तसं लंगडं, कारण ६.१ पासून ७.४ बरंच दूर आहे. पण शरीराजवळ दोन तोट्या आहेत: फुप्फुसं आम्लाची बाजू श्वासावाटे बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडं क्षाराची बाजू सांभाळतात. बंद भांड्यातलं बफर आणि दोन्हीकडून पाणी खेळतं असलेलं बफर यांत फरक राहणारच.

आता माझं फसलेलं मिश्रण. हवं होतं दोन हायड्रोजनवालं आणि एक हायड्रोजनवालं, निम्मं निम्मं. तसं झालं असतं तर सामू ७.२ च्या जवळ आला असता. प्रत्यक्षात मी मिसळलं दोन हायड्रोजनवालं आणि एकही नसलेलं. ज्याच्याकडे एकही नाही त्याची भूक सगळ्यांत मोठी, आणि शेजारी दोन बाळगून असलेला. भांड्यात दांडी फिरवेपर्यंत त्याने एक देऊन टाकला. दोघांकडेही एकेक. म्हणजे भांड्यात ना मोनोबेसिक उरलं होतं ना ट्रायबेसिक. उभं होतं निव्वळ डायबेसिकचं द्रावण, सामू ९ च्या वर. ज्या बाटलीला मी हात लावला नव्हता, नेमकी तीच माझ्या भांड्यात तयार झाली होती. मग ते द्रावण ओतून टाकलं नाही. त्यात जितकं डायबेसिक झालं होतं तेवढ्याच मोलांचं मोनोबेसिक आणखी घातलं, आकडा सरकत सरकत ७ जवळ येऊन थांबला, आणि दुपारचा प्रयोग वेळेवर सुरू झाला.